उजवी बाजू कोरी

प्रफुल्ल काळमेघला आपल्या यंत्राचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, तो जरा जास्तच होता. अकोल्याच्या विभागीय आरोग्य माहिती केंद्रात नवीन माणूस आला की त्याला चहा मिळायच्या आधी 'सांगड'ची गोष्ट ऐकावी लागे. ऐकणारा कंटाळला तरी प्रफुल्लला पत्ता नसे.

मे महिन्यातल्या त्या सकाळी मात्र चहाची आठवण कोणालाच नव्हती. पारा सकाळीच चव्वेचाळीसवर गेला होता आणि दुपारी अठ्ठेचाळीसचा अंदाज होता. कुपी बनवणाऱ्या कंपनीकडून आलेला निरोप वाचून केंद्राच्या प्रमुख डॉ. मंदाकिनी टेकाडे यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कुपी म्हणजे शेंगदाण्याएवढी नळी. साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या दंडात, कातडीखाली बसवायची, की वर्षभर ती आपली थेंबाथेंबानं इन्सुलिन सोडत राहते. रोजच्या सुया गेल्या, म्हणून खेड्यापाड्यात लोकांनी शिबिरांना रांगा लावल्या होत्या. कुपीच्या तोंडाशी एका जेलचा पडदा असतो आणि औषध किती सुटायचं ते तो ठरवतो. एका खेपेतला हा पडदा कच्चा निघाला होता. उन्हात दंड तापला की तो विरघळणार आणि उरलेलं सगळं इन्सुलिन एकदम रक्तात उतरणार. आधी घाम, मग थरथर, मग भ्रम, मग शुद्ध हरपते, आणि वेळेवर कोणी धावून आलं नाही तर माणूस जातो.

सरळ दवंडी का पिटली नाही, असं कोणी विचारेल. अहो, चांगल्या खेपांच्या कुप्या पाच जिल्ह्यांत लाखो लोकांच्या दंडात होत्या. सगळ्यांना सांगितलं असतं तर सगळे त्या उन्हात दवाखान्याकडे धावले असते, आणि काहींनी घरीच ब्लेडनं दंड चिरला असता. डॉक्टरीणबाईंना हवी होती फक्त त्या खराब खेपेची माणसं, म्हणजे त्यांच्या दारात गुपचूप गाडी पाठवता येईल. आणि ती दुपारच्या आत हवी होती.

आता हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. माहिती होती, पण एका जागी नव्हती. कोणती खेप कोणत्या आरोग्य केंद्रात गेली हे एका तक्त्यात. तिथल्या शिबिरात कुपी कोणाला बसवली हे दुसऱ्यात. तो माणूस राहतो कुठे हे तिसऱ्यात, आणि आज कामावर कुठे आहे हे मजूर खात्याच्या चौथ्यात. पूर्वी या सगळ्यांना जोडणारा एक ओळख क्रमांक असे. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या माहितीचोरीत तो क्रमांकच चव्हाट्यावर आला आणि नव्या कायद्यानं तो प्रत्येक तक्त्यातून पुसून टाकला. कोणाचा फोन कुठे आहे हे बघायलाही न्यायालयाचा हुकूम लागू लागला. उरलं काय, तर नाव, जन्मसाल, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव. सांगड या सगळ्यांचा मिळून माणसाचा एक ठसा करी आणि एका तक्त्यातला ठसा दुसऱ्यातल्याशी जुळवून बघे.

जुनी यंत्रं हे काम अगदी खुळ्यासारखी करत. एक नोंद घ्यायची, तिचा पत्ता शोधायला दुसऱ्या तक्त्यात जायचं, परत यायचं, मग दुसरी नोंद घेऊन पुन्हा जायचं. जिरं आणायला दुकानात जावं, घरी यावं आणि मोहरीसाठी पुन्हा चप्पल घालावी, तसला प्रकार. लाखभर नोंदी असल्या की दिवस मावळे. सांगड एकदाच मोठी पिशवी घेऊन निघे. सगळ्यात लहान तक्त्यापासून सुरुवात करायची, तिथले सगळे ठसे घेऊन पुढच्या तक्त्यात एकच फेरी मारायची, आणि जे जुळणार नाहीत ते तिथल्या तिथे टाकून द्यायचे. प्रत्येक दारात ओझं हलकं होत जाई. हा टाकून देण्याचा नियम प्रफुल्लचा होता. त्याला बक्षीस मिळालं तेही याच नियमावर.

त्या सकाळी सांगडनं काही मिनिटांत चार तक्ते जोडून यादी समोर ठेवली. चार हजारांच्या वर माणसं, प्रत्येकाचं घर, कामाची जागा, जवळची गाडी. डॉ. टेकाडे यांनी यादीवरून नजर फिरवली आणि कोणी सुटलं नाही ना, असं विचारलं. प्रफुल्लनं हसून सांगितलं की सांगड कोणाला सुटू देत नाही. गाड्या निघाल्या.

गाड्या निघाल्यावर त्याला ताई आठवली. आधी आठवली नाही, हे लक्षात ठेवा.

मंजुषाताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून दोघांचं बोलणं भाऊबीजेपुरतं उरलं होतं, आणि गेल्या दोन भाऊबीजांना तर त्यानं साडी कुरियरनं पाठवली होती, भाऊजींच्या नावावर. भाऊजींचं वेल्डिंगचं दुकान बंद पडलं आणि ती दोघं रस्त्याच्या कामावर लागली, हेही त्याला निंभोरीच्या काकूंकडून कळलं होतं. त्याच काकूंनी दिवाळीत सांगितलं होतं की मंजू माहेरी आली तेव्हा गावच्या शिबिरात तिनं दंडात कुपी बसवून घेतली. प्रफुल्ल तेव्हा हो हो म्हणाला होता. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

त्यानं यादीत काळमेघ शोधलं, मग ताईचं सासरचं आडनाव इंगळे शोधलं. निंभोरीची मंजुषा कुठेच नव्हती. त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणजे ताईची कुपी दुसऱ्या खेपेची, चांगली, असं मनाशी म्हणत त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली.

बाटली खाली ठेवताना त्याची नजर भिंतीवरच्या पडद्याकडे गेली. खराब खेप पोचलेली गावं तिथे तांबड्या अक्षरांत झळकत होती, आणि त्यात निंभोरी होतं. नुसतं होतं असं नाही, निंभोरीच्या शिबिराला त्या खेपेशिवाय दुसरी कुपी गेलीच नव्हती. तिथे ज्याच्या दंडात कुपी बसली त्याच्या दंडात खराबच बसली होती. मग ताई यादीत का नाही?

त्यानं शिबिराचा तक्ता उघडला. ताई तिथे होती. मंजुषा विश्वनाथ काळमेघ, निंभोरी. शिबिरातल्या पोरीही गावच्याच, त्यांनी जन्मापासून जिला मंजूताई म्हटलं तिचं दुसरं कोणतं नाव लिहिणार? पण पुढच्या तक्त्यात, जिथे राहत्या माणसांची नोंद असते, तिथे मंजुषा काळमेघ नावाची बाई अस्तित्वातच नव्हती. ती लग्नानंतर गजानन इंगळे यांची बायको झाली होती, आणि लग्नात तिचं आडनावच नव्हे, पाळण्यातलं नावही बदललं होतं. ताटभर तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं. सांगडनं मंजुषाचा ठसा घेतला, पुढच्या दारात नेला, तो जुळला नाही, आणि प्रफुल्लच्या नियमाप्रमाणे टाकून दिला.

ही एकटी ताई नसणार. आपल्याकडे बाई सासरी दुखणं अंगावर काढते आणि माहेरी आली की दवाखान्यात जाते. दिवाळीला, सुट्टीत, आईच्या जिवावर. अशा किती असतील?

टाकलेल्या नोंदी सांगड जपून ठेवत नव्हतं, तोच तर त्याच्या वेगाचा मंत्र होता. म्हणून प्रफुल्लनं नियम काढून टाकला आणि सगळी जुळणी पहिल्यापासून लावली. जुळो न जुळो, डावीकडच्या, म्हणजे शिबिराच्या तक्त्यातली एकही नोंद गाळायची नाही, असं यंत्राला बजावलं. आता पिशवी हलकी होईना. त्यात उन्हानं थंडावा देणारी यंत्रं निम्म्यावर आणलेली, त्यामुळे तापलेलं सांगड रखडत चाललं होतं. शेजारच्या टेबलावरची ज्योत्स्ना खंडारे, जी एरवी एका वेळी दोन फोन सांभाळी, उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

शेवटी तक्ता उघडला. डावीकडे नाव, गाव, शिबिर, खेप. उजवी बाजू कोरी. पत्ता नाही, काम नाही, जवळची गाडी नाही. अशा नऊशेच्या आसपास नोंदी होत्या, आणि ज्योत्स्नानं दहा-वीस पडदे खाली सरकवूनही पुरुषाचं नाव क्वचितच दिसलं.

प्रत्येक नोंदीत माहेरचा एक फोन नंबर होता, बहुतेक भावाचा. ज्योत्स्नानं आणि आणखी सहा जणींनी फोन फिरवायला सुरुवात केली. भाऊ लोक बोलायला चांगले होते. जावयाचं नाव सांगत, तालुका सांगत, जावई मोठा भला माणूस आहे हेही सांगत. पण बहिणीला सासरी काय नावानं ओळखतात, असं विचारलं की गप्प होत. आम्ही तर तिला बाईच म्हणतो. आम्ही आक्का म्हणतो. थांबा, घरात विचारून सांगतो. घरातही माहीत नसे, आणि नुसत्या जावयाच्या नावाचे तालुक्यात दहा जण निघत. दहातल्या सात भावांना बहिणीचं नाव सांगता आलं नाही. ज्योत्स्नानं वैतागून कानातलं फोनचं यंत्र काढून टेबलावर आपटलं आणि म्हणाली, पंचवीस-तीस वर्षं साड्या नेसवतात, काय म्हणून हाक मारतात ते विचारलं नाही कधी. मग ती प्रफुल्लकडे वळली.

"सर, तुमच्या ताईंचं काय नाव आहे सासरचं? तेवढं तरी भरून टाकू."

प्रफुल्लनं रकान्यात 'ताई' लिहिलं आणि खोडलं.

त्याला ते लग्न आठवलं. मांडव आठवला, तांदळाच्या ताटावर वाकलेल्या बायका आठवल्या. ताटात काय लिहिलं ते मात्र त्यानं बघितलंच नव्हतं, तो पंगतीत मठ्ठा वाढत होता. पुढे सगळी वर्षं ती ताई. भाऊजी तिला अगं म्हणत. पत्ता भाऊजींच्या बंद पडलेल्या दुकानाचा, फोन भाऊजींचा. त्यानं बायकोला फोन लावून विचारलं. ती म्हणाली, मी ताईच म्हणते, तुम्हाला माहीत नाही तर मला कुठून असेल? निंभोरीच्या काकूंना लावला. काकू म्हणाल्या की तिच्या सासूनं कायसं देवीचं नाव ठेवलं होतं बावा, आम्ही आपली मंजूच म्हणतो. देवीचं नाव! हे म्हणजे भुसावळच्या फलाटावर उभं राहून टोपीवाला माणूस शोध म्हणण्यासारखं.

भाऊजींच्या फोनवर हा क्रमांक सेवेत नाही, असं ऐकू आलं. शेवटी त्यानं नवऱ्याच्या नावावरून शोधलं. पण वऱ्हाडात गजानन नावाला काय तोटा? गजानन इंगळे यांच्या बायका पाच जिल्ह्यांत मिळून साठाच्या वर निघाल्या, त्यात दुर्गा होत्या, रेणुका होत्या, लक्ष्मी तर अकरा होत्या. यातल्या रस्त्याच्या कामावर कितीतरी. जन्मसालं तर सगळी अंदाजानं टाकलेली, आणि दुकान बंद पडल्यावर ती दोघं कोणत्या गावी राहायला गेली हेही त्याला ठाऊक नव्हतं. आपली कोणती? साठ ठिकाणी गाड्या पाठवाव्या तर यादीतल्या साठ माणसांच्या दारातल्या गाड्या काढाव्या लागणार. एवढं हुशार यंत्र त्यानं बनवलं होतं, आणि त्याला विचारायला लागणारा एक शब्द त्याच्याजवळ नव्हता.

बाहेरचा पारा सत्तेचाळीस दाखवत होता.

तो डॉ. टेकाडे यांच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. यादी अर्धवट आहे. नियम माझा होता. माहेरी कुपी बसवलेल्या बायका त्यातून गळल्या आहेत आणि त्यातली एक माझी बहीण आहे.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "सकाळी मी तुम्हाला काय विचारलं होतं, काळमेघ?"

"कोणी सुटलं नाही ना, असं."

"मी लग्नाआधी सुलभा होते. सुलभा वासुदेव हेडाऊ. विचारा तुमच्या यंत्राला, सुलभा सापडते का."

त्या रागावल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. पण राग बाजूला ठेवून त्यांनी पुढचं विचारलं, की आता काय करायचं. तो म्हणाला की यंत्राला या बायका सापडणार नाहीत आणि भावांनाही सापडणार नाहीत. पण प्रत्येक बाईला आपली दोन्ही नावं ठाऊक आहेत. आपण त्यांना शोधण्याऐवजी त्यांनाच बोलावू. सगळ्यांना नाही, फक्त त्यांना, ज्यांनी गेल्या वर्षभरात माहेरच्या शिबिरात कुपी बसवली. एवढं नेमकं सांगितलं तर बाकीचे घाबरणार नाहीत.

घबराट झाली तर डॉ. टेकाडे यांची नोकरी जाणार होती आणि माणसंही जाणार होती. मग त्यांनी वरिष्ठांना फोन लावला, परवानगी मागितली असं म्हणण्यापेक्षा कळवलं, आणि ज्योत्स्नाला माईकसमोर बसवलं.

पाच जिल्ह्यांतल्या सगळ्या फोनवर तिचा आवाज गेला. माहेरी जाऊन दंडात कुपी बसवलेल्या बायांनो, सावलीत बसा, दंडावर ओलं फडकं टाका, घाम फुटून हात कापत असतील तर साखर नाहीतर गूळ खा, आणि या नंबरवर फोन करून दोन्हीकडची नावं सांगा. कापू नका, घाबरू नका, गाडी येईल.

आणि फोन वाजायला लागले. सुरुवातीला एक-दोन, मग सगळ्या टेबलांवर एकदम. शिपाई, हिशेबनीस, ड्रायव्हर, सगळ्यांच्या कानांत यंत्रं घातली. एक बाई दोन्ही नावं सांगे, इकडे बोटं ती लिहीत, सांगड लागलीच दोन ठसे एकाच माणसाचे मानी, आणि उजवीकडची कोरी जागा भरून जाई. घर, काम, गाडी. घबराट झाली नाही. बायका आपापली नावं नीट सांगत होत्या. एका म्हातारीनं तर, किती वर्षांनी कोणी पुसलं बावा, असं म्हणून माहेरचं नाव दोनदा सांगितलं.

प्रफुल्लही फोन घेत होता. प्रत्येक वेळी कानात आवाज आला की त्याला वाटे हीच, आणि ती नसे. अचलपूरची कोणी, मूर्तिजापूरची कोणी. त्यांना गाडी लावून देताना त्याला बरंही वाटे आणि मनात आणखी काहीतरी दाटून येई. तेवढ्यात बाळापूरकडून एक निरोप आला की गाडी पोचायच्या आत एक बाई गेली. नाव आलं, ते ताईचं नव्हतं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची त्याला शरम वाटली.

त्यानं पुढचा फोन घेतला. मागे कसलं तरी अवजड यंत्र धडधडत होतं. बाईचा आवाज जड होता, शब्द थांबून थांबून येत होते. मुकादमाच्या फोनवर निरोप ऐकला, तिनंही माहेरीच बसवली होती, आता डोकं गरगरतंय आणि रस्ता हलल्यासारखा दिसतोय, असं ती सांगत होती. त्यानं ठरलेला पहिला प्रश्न विचारला.

"मंजुषा," ती म्हणाली. "मंजुषा विश्वनाथ काळमेघ. गाव निंभोरी."

ताई, म्हणून ओरडावं असं प्रफुल्लला वाटलं. पण ओरडला असता तर ती रडली असती, कसा आहेस म्हणाली असती, पोरं कशी आहेत पुसलं असतं, आणि तिची शुद्ध तेवढा वेळ टिकेल की नाही कोणास ठाऊक. त्यानं आवाज होईल तितका कोरडा ठेवला.

"सासरचं नाव सांगा."

"कोनाचं? त्यायचं?"

"नाही. तुमचं."

तिला आठवायला वेळ लागला. मागचं यंत्र धडधडत राहिलं.

"शारदा," ती म्हणाली. "शारदा गजानन इंगळे."

त्यानं लिहिलं. बोटं चुकली, पुन्हा लिहिलं. उजवी बाजू सरसर भरली: मजूर खात्याची आजची हजेरी, दर्यापूर रस्त्याचं डांबरीकरण, पाण्याच्या टाकीजवळचा तळ, आणि एक रिकामी गाडी, जवळच्याच गावात. त्यानं गाडी वळवली. मग ताईला सांगितलं की जवळ गोड असेल ते तोंडात टाका, लगेच. चहाची साखर हाय, ती म्हणाली, आणि ती मूठभर साखर चावत असल्याचं त्याला इतक्या दूर ऐकू आलं. त्यानं तिला सावलीत बसायला लावलं, ओलं फडकं दंडावर टाकायला लावलं, आणि बोलत राहा म्हणून सांगितलं. ती बोलत राहिली. हळूहळू शब्द एकमेकांना धरून यायला लागले.

तक्त्यात एक रकाना राहिला होता, कोणाला कळवायचं तो. तो त्यानं सोडला असता तरी चाललं असतं. त्यानं विचारलं.

"भाऊ हाय मले अकोल्याले," ताई म्हणाली. "मोठा सायेब हाय. पन त्याले नका कळवू बावा, त्याच्यामांगं लय काम असते."

प्रफुल्लला पुढचं काही लिहिता येईना. फोनमध्ये लांबून गाडीचा भोंगा ऐकू यायला लागला होता आणि कोणीतरी, इकडं इकडं, म्हणून हाका मारत होतं.

"ताई," तो म्हणाला. "मी प्रफुल्ल बोलतोय."

भोंगा जवळ येऊन थांबला. मग तिनं विचारलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

"मंग माह्यं नाव काऊन पुसत होता रे?"